मूल कुठं बसलं होतं?

कॅज्युअल्टीच्या दारात जीप येऊन थांबली की सिस्टर आधी माणसांच्या पायांकडं बघतात. लेकराला उचलून आणणाऱ्याच्या पायात दोन्ही चपला असल्या तर तो वाटेत थांबलेला परका माणूस. एकच चप्पल असली, किंवा पाय अनवाणी असले, तर घरचा. विचारायचं असतं ते घरच्याला. काय झालं हे विचारत बसायची गरज पडत नाही, ते उत्तर ठरलेलं आहे: "गाडीवरनं पडलं वो पोरगं." सिस्टर एवढंच विचारतात, "कुठं बसलं होतं?"

बापाला वाटतं, ही बाई अपघाताचं ठिकाण विचारते आहे. तो सांगतो, "पुलाच्या अलीकडं, पंपापाशी."

"तसं नव्हे दादा. गाडीवर कुठं? पुढं, मधी, का मागं?"

सातारा जिल्ह्यातून जाणाऱ्या हायवेला लागून असलेल्या एका दवाखान्यात या बाईंची सव्वीस वर्षं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त कॅज्युअल्टीत. केसपेपरवर नाव, वय, गाव, वेळ, कोणी आणलं याला रकाने आहेत. लेकरू कुठं बसलं होतं याला नाही. म्हणून त्या समासात बारीक अक्षरात लिहितात: 'पुढं उभा', 'मधी', 'मागं, शेवटी', 'आईच्या मांडीवर'. नवीन आलेले डॉक्टर सुरुवातीला हसायचे. मग हाडांचे एक सर्जन एक्स-रे हातात घ्यायच्या आधी तो समास वाचू लागले, आणि हसणं थांबलं. जागा कळली की कुठं शोधायचं ते कळतं. सिस्टरांना तर आता उलटंही जमतं. हनुवटी फाटलेली आणि वरचे पुढचे दोन दात आत गेलेले दिसले, की बापानं तोंड उघडायच्या आत त्या लिहून मोकळ्या होतात: 'स्कूटर, पुढं उभा'.

हे निदान त्यांना पुस्तकानं शिकवलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या हनुवटीखाली तीन टाक्यांची खूण आहे. तो चार वर्षांचा होता, नवऱ्याच्या स्कूटरवर पुढं उभा राहून बालवाडीत जायचा. कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला, पडलं कोणीच नाही. स्कूटर उभीच्या उभी राहिली. पोराचं तोंड तेवढं हँडलच्या मध्यावर आपटलं. हँडल बापाच्या छातीसमोर येतं, पोराच्या तोंडासमोर. आणि त्याला धरायला काही नाही, बापाचे दोन्ही हात तर हँडलवर. याच जागेचा दुसरा प्रकार भाजीमंडईबाहेर घडतो. गाडी चालू ठेवून बाप किलोभर टोमॅटो घ्यायला वळतो, पुढं उभं असलेलं पोर मूठ पिळतं. मुठीला लोंबकळलेल्या पोराला गाडी पळाली की ती मूठ सोडायची हे सुचत नाही, ते आणखी घट्ट धरतं. गाडी समोरच्या शटरवर जाऊन थांबते.

मात्र सिस्टरांना सगळ्यात जास्त राग येतो तो टाचेचा.

मे महिन्याचे, जत्रांचे दिवस असतात. मोटरसायकलवर चौघं: टाकीवर धाकटा, मग बाप, त्याच्यामागं सात वर्षांची थोरली, शेवटी आई, एका बाजूला पाय सोडून बसलेली. अशीच एक थोरली दोन उन्हाळ्यांपूर्वी आली. केसांत गुलाल, हातात प्लॅस्टिकची बासरी, आणि उजव्या पायाला आईच्या पदराची पट्टी. डाव्या बाजूला मागच्या चाकाला जाळी असते. पाठीमागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं असता कामा नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. साडीचा विचार त्यात झाला आहे. साडी डावीकडं असते. मधे दोन्हीकडं पाय टाकून बसलेल्या पोरीचा उजवा पाय मात्र उघड्या चाकाच्या बाजूला लोंबतो, आणि फूटरेस्टपर्यंत तो पोचत नाही. त्या बाजूला सायलेन्सर. एकदा चटका बसलेलं मूल पाय बाहेर धरत नाही, आत ओढतं. आत स्पोक फिरत असतात.

अशा वेळी गाडी पडत नाही, धडकही होत नाही. बापाला फक्त गाडी जड झाल्यासारखी वाटते. मग किंकाळी. मग रस्त्यावर जमलेल्या चार माणसांची चार मतं: चाक पुढं ढकला, मागं घ्या, पाय ओढा. ओढलेला पाय हातात येतो तेव्हा टाचेमागची कातडी झडपेसारखी उघडून खाली लोंबत असते. वाटेतल्या एखाद्या गॅरेजवाल्यानं पकडीनं दोन तारा तोडल्या असत्या तर पाय अलगद निघाला असता. काही गॅरेजवाल्यांना हे ठाऊक असतं, आणि सिस्टर त्यांच्याबद्दल डॉक्टरांपेक्षा जास्त आदरानं बोलतात.

जखम धुवायला वेळ लागतो. चेनचं काळं ग्रीस, वाळू, सँडलच्या पट्ट्याचे तुकडे. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतायच्या आणि पोरीला बासरी वाजवायला सांगायची. त्या दिवशी तिनं खरंच वाजवली, एकच सूर, हुंदक्यांच्या मधे मधे. टाके पडले. कातडी जागेवर बसली, छान दिसू लागली. आईनं हात जोडले. सिस्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं, "आत्ताच हुश्श करू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी बघू."

कारण ही जखम कापलेली नसते, चिरडलेली असते. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आतून तुटलेल्या असतात, ते पहिल्या दिवशी दिसत नाही. चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर कड जांभळी, सहाव्या दिवशी काळी. मग ती काळी कातडी काढायची आणि मांडीची पातळ कातडी तिथं लावायची. टाचेच्या कातडीखाली चरबीचे लहान लहान कप्पे असतात, अंगाचा भार झेलायला बनवलेले. ते मांडीत नसतात. लावलेली कातडी बुटात घासते, फुटते, पुन्हा भरते. पोरगी पुढं वर्षभर येत राहिली. आता चालते, पळतेही. बूट मात्र मागून उघडा लागतो, आणि शाळेत बूट सगळ्यांना सारखे.

या पोरीची नोंद कुठं झाली असेल, असा एक प्रश्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा जाडजूड अहवाल काढतं. 2022 सालचे आकडे बघितले तर त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत अठरा वर्षांखालची 9,528. दुचाकीवरून जाताना गेलेले 74,897, म्हणजे जवळपास निम्मे. सीटबेल्ट न लावलेले 16,715, आणि त्यांत चालक आणि प्रवासी जवळजवळ सारखेच. बाप हेल्मेट घालून होता की नाही, हेही त्या तक्त्यांत सापडतं. लेकरू टाकीवर होतं, मधे होतं की मांडीवर, याचा रकाना तिथंही नाही. आणि टाच गेलेल्या पोरीच्या अपघातात कोणी कोणाला धडकलं नाही, म्हणून पोलीस नाही, पंचनामा नाही. जखमींचा आकडा त्या अहवालात 4,43,366 आहे. ती त्यात असेलच असं नाही.

कायदा या बाबतीत अगदीच झोपलेला आहे असं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहानांसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये वेगळा नियम निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला बसेल असं हेल्मेट हवं (सायकलचं प्रमाणित हेल्मेटही चालतं), आणि मूल पाठीमागं असताना गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर नेता कामा नये. नऊ महिन्यांचं मूल मोटरसायकलवर बसणारच हे ज्या देशात नियमातच गृहीत धरावं लागतं, तिथल्या घरांचं आर्थिक गणित त्या एका वाक्यात आलं. सिस्टरांची तक्रार गणिताबद्दल नाही. त्या म्हणतात, चौघांना एका गाडीवर नेणारा बाप बेफिकीर नसतो, त्याच्याकडं तेवढीच एक गाडी असते. त्यांची तक्रार तालुक्याच्या बाजारपेठेबद्दल आहे. तिथं मोटरसायकलची आठ दुकानं आहेत, आणि तीन वर्षांच्या डोक्याचं हेल्मेट मागितलं तर दुकानदार खेळण्यांच्या दुकानाकडं बोट दाखवतो.

शाळेच्या रिक्षांचं तर वेगळंच दालन आहे. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक पोर, मागं सीटसमोर टाकलेली लाकडी फळी, त्या फळीवर आणखी तिघं, दप्तरं बाहेर लटकलेली. महाराष्ट्रानं शाळेच्या बसगाड्यांसाठी 2011 मध्ये स्वतंत्र नियम केले. फळी तरी सुटलेली नाही. कडेला बसलेल्याचं कोपर बाहेर, आणि शेजारून ट्रॉली. समासात: 'रिक्षा, कडेला'.

गाड्या बदलल्या तशा जखमाही बदलल्या. पंधरा वर्षांपूर्वी कारमधून आलेलं मूल महिन्याकाठी एखादं असायचं. हायवे सहा पदरी होत गेला, हप्त्यावर कार मिळू लागली, आणि समासात 'मांडीवर' हा शब्द वाढत गेला.

मांडीबद्दल बोलायला अवघड जातं. आपल्याकडं मांडी म्हणजे मुलाची हक्काची जागा. जावळ मांडीवर, कान टोचणं मांडीवर, पहिला घास मांडीवर. गाडीतही तेच. पुढच्या सीटवर आई, आईच्या मांडीवर वर्षाचं बाळ, आईचे दोन्ही हात त्याच्याभोवती. याहून सुरक्षित काय असणार असं वाटतं.

टोलनाक्याच्या रांगेत पुढच्या टेम्पोवर आदळलेल्या एका कारमधून असंच बाळ आलं होतं. वेग फार नव्हता. गाडीचा बॉनेट चेपला, बापाला खरचटलं, आईच्या मनगटाला मुका मार. बाळाच्या डोक्याला मात्र डॅशबोर्ड लागला होता, आणि मागून आईचं सगळं वजन. आई तीन तास एकच वाक्य बोलत होती, "मी सोडलं नव्हतं वो सिस्टर, मी सोडलं नव्हतं." ते खरं होतं. तिच्या मनगटांवर तिच्याच बांगड्या रुतल्या होत्या, इतकं घट्ट तिनं धरलं होतं.

हे हातांचं काम नाही, साधं गणित आहे. पन्नासच्या वेगात गाडी कशावर तरी आदळली की सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात थांबते. तेवढ्याच वेळात दहा किलोच्या मुलाला थांबवायचं तर हातांवर सरासरी दीडशे किलोच्या आसपास भार येतो. सिमेंटची तीन पोती, अचानक, पुढं फेकलेली. कोणत्याही आईच्या हातात ते नाही. आणि आईनं स्वतः बेल्ट लावला नसेल तर बाळ हे तिच्या आणि डॅशबोर्डच्या मधली उशी होतं. बेल्ट लावून तोच दोघांभोवती घेतला तर बेल्टच्या आणि आईच्या मधे बाळ.

मांडीचा हा मोह आपल्यापुरताच आहे असंही नाही. अमेरिकेत मुलांना कारमध्ये खास सीटवर बसवण्याची सक्ती सगळ्यात आधी टेनेसी राज्यानं केली, 1978 पासून. त्यामागं रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. कायदा मंजूर होताना आमदारांनी त्यात एक सवलत घुसवली: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीट नसली तरी चालेल. सँडर्स यांच्या बाजूचे लोक त्या सवलतीला पोरं चिरडणारी दुरुस्ती म्हणत. ती काढून टाकायला त्यांना 1981 पर्यंत झगडावं लागलं. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा हिशेब असा, की नीट बसवलेल्या सीटमुळं कारमधल्या वर्षाखालच्या मुलांचे मृत्यू 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे 54 टक्क्यांनी कमी होतात.

आपल्याकडं चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर चालकाला हजार रुपये दंड, हे 2019 पासून कायद्यात आहे. कलम 194 ब. सिस्टरांनी हा दंड भरलेला माणूस अजून पाहिलेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागं बसलेले ते आणि त्यांचे सोबती, दोघंही गेले, आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता असं तपासात पुढं आलं. त्यानंतर थोडे दिवस लोक आपणहून सांगायचे, "मागं पण बेल्ट होता बरं का सिस्टर." मग दिवाळी आली आणि विषय संपला. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढं बसलेलं सहा वर्षांचं मूल एअरबॅग उघडल्यावर दगावलं, तेव्हा पुन्हा चार दिवस चर्चा. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, ती मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज धरून. मुलाचं त्या उंचीवर तोंड आणि मान असते. मुलांची जागा मागच्या सीटवर, एवढी साधी गोष्ट त्या चार दिवसांत सगळ्या चॅनलांनी सांगितली.

बेल्ट लावला म्हणजे झालं, असंही सिस्टर म्हणू देत नाहीत. एकदा सात वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या पायांनी चालत आत आला. घरचे जखमी, हा मजेत. मागच्या सीटवर मधोमध, तिथं फक्त पोटावरून जाणारा पट्टा होता. शर्ट वर केला तर बेंबीच्या रेषेत आडवा निळसर पट्टा उमटलेला. आजोबा म्हणाले, बेल्टनं वाचवलं, आता घरी नेतो. सर्जननी नेऊ दिलं नाही. रात्री पोट ताठ झालं. ऑपरेशनमध्ये लहान आतड्याला भोक सापडलं.

मोठ्या माणसाचा कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडावर अडकून राहतो. मुलाचं ते हाड अजून पुरतं आकाराला आलेलं नसतं, म्हणून पट्टा सरकून मऊ पोटावर जातो आणि अंग त्याच्याभोवती पिनेसारखं घडी होतं. आतडं एकीकडं, कमरेचा मणका दुसरीकडं. त्यावर उपाय अगदी साधा आहे, मुलाला उंच करणारी बैठक. मूल साधारण 145 सेंटिमीटर उंच होईपर्यंत ती वापरली की कमरेचा पट्टा मांडीच्या वरच्या भागावर बसतो आणि खांद्याचा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर येतो. आजोबांनी नंतर विचारलं, मग बेल्ट लावायचाच नाही का? सिस्टरांनी त्याच गाडीतून आलेल्या, बेल्ट न लावलेल्या थोरल्या भावाच्या खाटेकडं नुसतं बघितलं.

मागच्या वर्षी सिस्टरांना नात झाली. सूनबाईचं बाळंतपण पुण्याला. सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतिणीला घरी आणायचं ठरलं, आणि हनुवटीखाली तीन टाके असलेल्या मुलानं आईचं ऐकून बाळाची सीट आणली. मागच्या सीटवर उलटी बसवायची, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. विहीणबाईंना ते बघवेना. "एवढंसं लेकरू पाठमोरं कुठं बांधता? मांडीवर घेते की मी." सिस्टरांनी समजावून सांगितलं, की तान्ह्याचं डोकंच अंगाच्या पाव हिश्शाएवढं असतं, मानेचे सांधे ढिले असतात. समोरून धक्का बसला तर पाठमोरं असलेलं बाळ सबंध पाठीनं सीटमध्ये दाबलं जातं, डोकं एकटं पुढं फेकलं जात नाही. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी 1964 मध्ये अशी पाठमोरी सीट करून पाहिली, अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचून, हेही त्यांनी सांगितलं असतं, पण विहीणबाईंचा चेहरा बघून ते राहिलं.

खेड शिवापूरचा टोल येईपर्यंत बाळ झोपलेलं होतं. शिरवळच्या पुढं जागं झालं आणि रडायला लागलं. शेजारी बसलेल्या सिस्टरांनी बोट दिलं, गाणं म्हटलं, खुळखुळा हलवला. खंबाटकीचा चढ लागला तसा सूर चढला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. "आई, दोन मिनिटं घेऊ का? हळूच चालवतील ते." वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या केसपेपरवर 'मांडीवर' लिहिणाऱ्या बाईंचे हात तोवर दोनदा सीटच्या बकलकडं जाऊन आले होते. घाटात थांबायला जागा नव्हती. मुलगा आरशात आईकडं बघत होता आणि ती आरशाकडं बघायचं टाळत होती.

सुरूर फाट्यावर गाडी कडेला घेतली. बाळाला बाहेर काढलं, सूनबाईनं पाजलं, ढेकर काढला. बाळ आजीच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प झालं. चहावाल्यानं विचारलं, "नात का?" त्यांनी मान हलवली, आणि चहा निवेपर्यंत बाळ खांद्यावरच ठेवलं. मग पुन्हा सीटमध्ये बसवलं, पट्टे खांद्यावर घेतले, खाली बोट सरकेल एवढीच ढील ठेवली, बकल लावलं.

ते पुन्हा रडायला लागलं. भुईंज गेलं, पाचवड गेलं. आनेवाडीच्या टोलवर काच खाली केली तेव्हा आवाज ऐकून शेजारच्या गाडीतल्या बाईनं वाकून आत बघितलं, आणि सिस्टरांना म्हणाली, "अहो, मांडीवर तरी घ्या की त्याला."